पाईप टॉमाहॉक: चांदीचा घ्यायचा की पितळी खिळ्यांचा?

भिंतीवर लावायला जुना पाईप टॉमाहॉक घ्यायचा म्हटलं की जीव आधी चांदीवालाच मागतो. एकीकडे कुऱ्हाडीचं पातं, दुसरीकडे चिलीम, दांडा आतून पोकळ, आणि वर चांदीचं जडावकाम. हे नग म्हणजे नजराणे, तहाची बोलणी झाली की अमेरिकेतले गोरे लोक तिथल्या मूळ रहिवाशांच्या पुढाऱ्याला द्यायचे. फेमस नग कॉर्नप्लांटरचा, १७९२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने सेनेका जमातीच्या या पुढाऱ्याला दिलेला, पात्यावर त्याचं सेनेका नावसुद्धा कोरलंय. पण गंमत अशी की १८५० ला एली पार्करने (हाही सेनेकाच) तो विकत घेतला तोवर मूळ दांडा गेलेला होता, मग त्याने मेपलचा नवा करून घेतला, चांदी लावून. म्हणजे आपण ज्या चांदीवर भाळतो ती वॉशिंग्टनची नाहीच! पुढे तो न्यूयॉर्क स्टेट म्युझियममधून चोरीलाही गेला, २०१८ ला परत मिळाला. एवढ्या नावाजलेल्या नगाची ही कथा, तर दुकानदाराच्या तोंडी हिस्टरीचं काय घेऊन बसलात.

साधा म्हणजे व्यापारातला. पातं इंग्लंडहून आलेलं नाहीतर तिथल्याच लोहाराने ठोकलेलं, लोखंडाला पोलादी धार जोडलेली, मोबदल्यात कातडी. सजावट मात्र ज्याने वापरला त्याच्या घरची, दांड्यावर पितळी चुका (बारीक खिळे) ठोकलेल्या, तापल्या कानशीचे काळे चट्टे, खाली मणीकामाची चामडी पट्टी लोंबतेय. मला हाच आवडतो, कारण यात देणारा आणि घेणारा दोघांचेही हात दिसतात, चांदीवाल्यात बहुतेकदा देणाऱ्याचाच रुबाब.

आणि ही वापरायची वस्तू होती बरं का. नोव्हेंबर १८०५ ला अमेरिकेच्या पश्चिमेकडे शोधमोहिमेवर निघालेले क्लार्क साहेब कोलंबिया नदीकाठी जेवत होते, भेटायला आलेली तिथली मंडळी त्यांच्याच टॉमाहॉकातून तंबाखू ओढत बसली होती आणि जेवण होईतो तो गायब :)

घेताना दांड्याच्या टोकाला फुंकर मारून बघा, चिलमीतून हवा आली तर बरं, शोभेच्या नकलांत भोक आरपार नसतंच बऱ्याचदा. जुन्यात काजळीने तुंबलेलं असू शकतं, तेव्हा चिलमीत टॉर्च मारून आतला काळेपणा बघायचा. आणि गरुडाचं पीस बांधलेलं असेल तर तो नग सोडाच, अमेरिकेत त्याची विक्री गुन्हा आहे.