माइनक्राफ्टमधला वेदर्ड कॉपर: मेण लावलेला की उघडा?

फोंडा तालुक्यातील देवळांसारखा घुमट माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधकाम करण्याच्या व्हिडिओ गेममध्ये उभारताना वेदर्ड कॉपर हा अर्धवट गंजलेल्या तांब्याचा ठोकळा मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्याच्या हिरवटपणात तपकिरी डाग अजून शिल्लक असतात आणि पुढच्या ऑक्सिडाइज्ड (पूर्ण गंजलेल्या) अवस्थेत ते पूर्ण नाहीसे होतात.

हा ठोकळा उघडा, म्हणजे मेण न लावता, ठेवला तर खर्च काहीच नाही. पण तो यथावकाश एकसारखा निळसर-हिरवा होतोच. आपल्या गोव्यातील पावसाळ्यात तांब्याची भांडी लवकर काळवंडतात, खेळात मात्र पावसाचा या बदलाशी संबंध नाही. चार ठोकळ्यांच्या अंतरात कमी गंजलेले उघडे तांबे असेल, तर जुना ठोकळा त्याच्यासाठी थांबून राहतो, त्यामुळे घुमट कसा रंगेल याचा अंदाज बांधणे कठीण जाते.

मेण लावलेला ठोकळा आहे त्याच रंगात राहतो. प्रत्येक ठोकळ्याला मधाच्या पोळ्याचा एक तुकडा लागतो. भरलेले पोळे कातरीने कापल्यास असे तीन तुकडे मिळतात, आणि खाली शेकोटी पेटवलेली असल्यास मधमाश्या चवताळत नाहीत. मेण नकोसे झाले तर कुऱ्हाडीने खरवडता येते. घुमटासाठी मी मेणच निवडेन; अंगणातील तुळशीवृंदावनाचे तांबे मात्र उघडेच ठेवावे.