वेट सँडिंगचे ९,५०० घेतले आणि गाडीला ग्लेझ चोपडलं

कुर्ल्यातल्या एका गॅरेजवाल्याने माझे ९,५०० रुपये खाल्ले. फुल बॉडी पेंटचे ४२,००० वेगळे. रंग त्याने मारला, ते मी नाकारत नाही. पण 'लॅकरला १५००, २०००, ३००० चा पेपर पाण्यात मारून वर बफिंग' असं वहीच्या पानावर लिहून जे जादा पैसे घेतले, ते काम झालंच नाही. यालाच वेट सँडिंग म्हणतात: रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे लॅकर, बारीक नंबरच्या घासपेपरने पाण्यात घासून सपाट करायचा आणि मग मशीनच्या बफने चमकवायचा. १५००, २०००, ३००० हे पेपरचे नंबर आहेत, रुपये नव्हेत.

शुक्रवारी दुपारी मी स्वतः तिथे गेलो होतो. पोरगा बोनेटवर बफ फिरवत होता आणि गाडीखालची फरशी कोरडी ठणठणीत! लॅकर पाण्यात घासला की दुधासारखं पांढरं पाणी निघतं, दरवाजाच्या फटींत, बीडिंगच्या रबरात जाऊन वाळतं. माझ्या गाडीच्या एकाही फटीत पांढरा कण नव्हता. "दादा, सकाळीच घासून धुऊन टाकली," मालक म्हणाला, आणि मी मान हलवली. मुंबईच्या दमट हवेत काही तासांत फरशी इतकी वाळते? फटी इतक्या साफ होतात? मंगळवारी बहिणीचं लग्न होतं, गाडी हवीच होती, म्हणून गप्प बसलो. तो क्षण आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो.

आणि स्वस्ताच्या मागे लागलो होतो असं कोणी म्हणू नये. तीन ठिकाणी भाव काढले होते, हा मधला होता. पक्कं बिल घेतलं नाही, कारण १८ टक्के जीएसटी वर पडेल म्हणाला. गॅरेजमध्ये सगळेच असं करतात. तुम्ही करू नका.

गाडी दिली शनिवारी रात्री साडेनऊला, ट्यूबलाइटखाली. आरशासारखी चमकत होती. उन्हात बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. दोनदा शाम्पूने धुतल्यावर ते तेलकट ग्लेझ, म्हणजे दोष झाकून तात्पुरती चमक देणारं पॉलिश, उतरलं आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत वर आला. बोनेटवरून तळहात फिरवला की रंगात अडकलेले धुळीचे कण अजून खरखरीत लागतात. पेपर मारला असता तर सगळ्यात आधी तेच गेले असते. कडेला बफ दाबून लॅकर आणि रंग दोन्ही उडवलेत, खालच्या राखाडी प्रायमरवर ब्रशने टचअप मारलंय. कडांवर थर पातळ असतो, जाणता कारागीर तिथे आधी टेप लावतो.

पोलिसांचं तर विचारूच नका. पहिल्या फेरीत साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या फेरीत, गॅरेज आमच्या हद्दीत नाही. हद्दीतल्या ठाण्यात अडीच तास बाकावर बसवलं आणि वर ऐकवलं, "रंग लावलाय ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." अर्जाची पोच मागितली, तीही दिली नाही. तीन अर्ध्या रजा गेल्या. ९,५०० त्यांना किरकोळ वाटतात, माझ्या घरी तो दीड महिन्याचा किराणा आहे!

घासून झाल्यावर, बफ लागण्याआधी गाडी बघायला जाच. सगळी बॉडी निस्तेज, दुधाळ दिसली पाहिजे. मध्ये चकचकीत ठिपके उरले असतील तर तिथे पेपर पोचलेला नाही. तेव्हाच फोटो काढा.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षांची. वहीचं पान, यूपीआयची नोंद आणि उन्हातले फोटो जोडून मी तक्रार टाकली आहे. बोनेट पुन्हा रंगवायचे दुसऱ्याने ७,२०० सांगितलेत.