डेट ॲक्सिस की टेक्स्ट ॲक्सिस? रोजच्या विक्रीचा चार्ट काढणाऱ्यांसाठी

एक्सेलमध्ये तारखांचा चार्ट काढला की खालच्या पट्टीसाठी (म्हणजे ॲक्सिससाठी) डेट आणि टेक्स्ट असे दोन पर्याय असतात, हे चार्ट काढणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेलं असतं. निवडत मात्र फारसं कुणी नाही. 'ऑटोमॅटिक'वर सोडायचं आणि येईल ते पीपीटीत चिकटवायचं. मीही बरीच वर्षं तेच केलं. पाइप-फिटिंगच्या होलसेल दुकानात हिशेब बघतो, विक्रीचे चार्ट मालकांना दाखवावे लागतात, एवढाच माझा अधिकार. मोजमाप वगैरे काही केलेलं नाही; जे भोगलं ते सांगतो.

आधी टेक्स्ट ॲक्सिसची बाजू, कारण ती दिसायला देखणी आहे. तिच्या लेखी तारीख म्हणजे नुसतं नाव. शीटमधली प्रत्येक ओळ एक जागा घेते, दोन ओळींत अंतर सारखंच. रविवारी दुकान बंद, म्हणून रविवारची ओळ नाही, म्हणून शनिवारला सोमवार खेटून उभा. मध्ये फट नाही, खांब चांगले जाडजूड. शीटमध्ये ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने चार्ट येतो. डेट ॲक्सिस खऱ्या दिवसांप्रमाणे अंतर सोडते आणि स्वतःच तारखांची क्रमवारी लावून घेते, ते दर वेळी हवंच असतं असं नाही.

खोट आहे ती लेबलांत. मागच्या आर्थिक वर्षात एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतच्या रोजच्या विक्रीची रेघ काढली होती. दीडशेच्या वर तारखा, सगळ्या खाली लिहिल्या तर मुंग्यांची रांग. मी हिशेब केला, महिन्याला कामाचे दिवस साधारण 26. मग दर 26 नोंदींनी एक लेबल ठेवू, आणि त्यात फक्त महिन्याचं नाव दाखवू. चार्ट झकास दिसत होता. मालकांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद जवळ धरला आणि विचारलं, "काय रे, जून कुठं खाल्लास?"

खाली ओळीने लिहिलं होतं: एप्रिल, मे, मे, जुलै, जुलै, सप्टेंबर.

घरी येऊन कॅलेंडर घेऊन बसलो. 1 एप्रिल 2025 पासून रविवार वगळून 26 नोंदी मोजल्या की 1 मे येतो (आमचं दुकान त्या दिवशी चालू असतं). पुढच्या 26 नोंदींनी 31 मे. म्हणजे मे दोनदा. तिथून 1 जुलै, मग 31 जुलै. जुलैही दोनदा आणि जून गायब. पुढे 15 ऑगस्ट आणि गणेश चतुर्थीला दुकान बंद, त्यामुळे सव्विसावी नोंद थेट 2 सप्टेंबरला पडली आणि ऑगस्टही गेला. आकडे सगळे बरोबर होते, रेघही बरोबर होती. चूक माझीच, पण ती करायची सोय टेक्स्ट ॲक्सिसमध्ये आहे: तिचं अंतर नोंदींत मोजलं जातं, दिवसांत नाही. 26 च्या जागी 25 घालून बघितलं, तर एप्रिल दोनदा आला. 27 घातलं तर नावं एकेकदाच आली, पण लेबलं 1 तारखेपासून सरकत सरकत 8 सप्टेंबरवर गेली.

डेट ॲक्सिसमध्ये बेस युनिट (पट्टीवरची सगळ्यात लहान पायरी) दिवस आणि मेजर युनिट (दोन लेबलांतलं अंतर) 1 महिना ठेवलं, आणि पट्टी 1 तारखेपासून सुरू होत असेल, की लेबलं प्रत्येक महिन्याच्या 1 तारखेलाच बसतात. 1 जून 2025 ला रविवार होता, माझ्या शीटमध्ये ती ओळच नाही, तरी 'जून' आपल्या जागी. महिना 30 चा असो, 31 चा असो, फेब्रुवारी असो. स्कॅटर चार्टवाले (त्यात खालची पट्टीही नुसत्या आकड्यांची असते) म्हणतील, तिथेही दिवसांचं खरं अंतर मिळतं. मिळतं, पण त्याला महिना कळत नाही, नुसते दिवस कळतात. 30 दिवसांचं अंतर दिलंत तर 1 एप्रिल, 1 मे, 31 मे, 30 जून. म्हणजे पुन्हा दोन मे.

डेट ॲक्सिसचा त्रास नाही असं नाही. खांबांचा चार्ट असेल तर प्रत्येक रविवारी दात पडल्यासारखी फट दिसते. आणि बेस युनिट ऑटोमॅटिक असेल तर ते सगळ्यात जवळच्या दोन तारखांतलं अंतर बघून ठरतं. महिन्याच्या 1 तारखेच्या बारा ओळी होत्या, खांब छान होते. मेची दुरुस्ती म्हणून 15 मेची एक जादा ओळ घातली आणि सगळे खांब शेवयांसारखे बारीक झाले. बेस युनिट हाताने महिन्यावर नेलं की खांब परत जाड होतात. तेच रोजच्या रेघेला केलंत तर महिन्याभराचे सगळे ठिपके एकाच उभ्या रेषेत एकावर एक चढतात.

एका कामासाठी मात्र मी अजूनही टेक्स्ट ॲक्सिसच घेतो: दिवाळी. लक्ष्मीपूजन 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला होतं, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. दोन वर्षं तारखेला तारीख लावून दाखवली तर एका वर्षाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर येतो आणि ऑक्टोबर उगाच तेजीत दिसतो. तिथे 'दिवाळीआधी 10 दिवस', 'दिवाळीआधी 9 दिवस' अशी नावंच लिहावी लागतात. तिमाहीचे चार खांब असतील तरी टेक्स्ट ॲक्सिस पुरते. तुमचं काम असंच असेल तर बदलायची गरज नाही. रोजची किंवा आठवड्याची रेघ असेल, आणि ती तुमच्याशिवाय दुसरं कुणी वाचणार असेल, तर मी तरी डेट ॲक्सिसकडे झुकेन.

झुकण्याआधी तारखांचा कॉलम एकदा नजरेखालून घाला. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या फाइलमध्ये तारखा पुष्कळदा नुसता मजकूर असतात. खऱ्या तारखा उजवीकडे सरकून बसतात, मजकूर डावीकडे. अशा मजकुरावर जबरदस्तीने डेट ॲक्सिस लावली की एक्सेल पहिल्या ओळीला 1, दुसरीला 2 असा नंबर देतं आणि तोच तारीख म्हणून वाचतं, म्हणजे 1 जानेवारी 1900 पासून पुढे. संगणकाची तारीख अमेरिकन पद्धतीवर असेल तर आणखी गंमत: 05/04 म्हणजे 5 एप्रिलचा 4 मे होतो, आणि 12 च्या पुढचे दिवस मजकूरच राहतात. कॉलम निवडून 'टेक्स्ट टू कॉलम्स'मध्ये शेवटच्या पायरीला तारखेचा क्रम 'डीएमवाय' (दिवस-महिना-वर्ष) द्यायचा. मात्र हे फाइल उघडतानाच तारखा उलटल्या नसतील तरच. एकदा 5 एप्रिलचा 4 मे झाला की एक्सेलच्या दृष्टीने ती खरीखुरी तारीख असते, उजवीकडेच बसलेली. तेव्हा फाइल बंद करून नव्याने आणलेली बरी.