ॲरेथा फ्रँकलिन यांचा ‘अमेझिंग ग्रेस’: दुःखाच्या दिवसांत आधार देणारे गॉस्पेल

घरात मोठे आजारपण असताना किंवा जवळचे माणूस गेल्यावर ऐकण्यासारखे गॉस्पेल, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीय चर्चमधले ख्रिस्ती भक्तिसंगीत, कोणते, असे कोणी विचारले, तर मी अमेरिकन गायिका ॲरेथा फ्रँकलिन यांच्या ‘अमेझिंग ग्रेस’ या संग्रहाचे नाव निःसंकोच सांगते. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिस येथील न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये लागोपाठ दोन संध्याकाळी, उपासनेला जमलेली मंडळी समोर बसलेली असताना, हे गायन मुद्रित झाले. गॉस्पेल गायक रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड आणि सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर (गायकवृंद) यांची ॲरेथा यांना साथ होती. ॲरेथा यांचे वडील डेट्रॉइटमधील नामांकित बॅप्टिस्ट पाळक होते, त्यामुळे सोल या गॉस्पेलमधूनच उमललेल्या लौकिक संगीतात कीर्ती मिळवलेल्या या गायिकेसाठी ही गीते बालपणापासूनची होती.

नागपुरात आमच्या मराठी उपासनेत नारायण वामन टिळकांची भजने पेटी-तबल्यावर म्हटली जातात. त्या शांत चालींची सवय असलेल्या कानाला या संग्रहातील उंच पट्टी आणि मधूनच उठणारे मंडळीचे उद्गार प्रथम थोडे परके वाटतील. मात्र भजनात टाळकरी बुवांची ओळ उचलून धरतात, तसाच हा क्वायर गायिकेला उचलून धरतो, हे ध्यानात आले की परकेपणा ओसरतो.

‘मेरी, डोन्ट यू वीप’ हे पहिलेच गीत या संग्रहाचे बळ दाखवते. योहानाच्या शुभवर्तमानातील मरीया, मार्था आणि त्यांचा मृत भाऊ लाजर यांची कथा ॲरेथा अर्धी बोलून, अर्धी गाऊन सांगतात. प्रभू येशू मृत लाजराला उठवण्यासाठी हाक मारतो त्या ठिकाणी त्या तीन वेळा त्याचे नाव घेतात आणि प्रत्येक हाकेबरोबर मंडळीतील ताण वाढत गेलेला स्पष्ट ऐकू येतो. बहिणींचा शोक येथे घाईने पुसून टाकलेला नाही. आधी तो पुरता ऐकून घेतला जातो, आणि म्हणूनच पुढचा दिलासा खरा वाटतो.

‘प्रेशस लॉर्ड, टेक माय हँड’ हे गीत थॉमस डॉर्सी यांनी १९३२ मध्ये, बाळंतपणात पत्नी आणि पाठोपाठ नवजात मुलगा गमावल्यानंतर रचले. थकलेल्या माणसाने देवाला हात धरायची विनवणी करावी, एवढाच त्याचा आशय आहे. ॲरेथा यांनी त्यात कॅरोल किंग यांचे १९७१ मधील ‘यू हॅव गॉट अ फ्रेंड’ गुंफले आहे. ही गुंफण सुरेल असली, तरी डॉर्सी यांचे शब्द अखंड ऐकायला मिळाले असते तर मला अधिक आवडले असते.

शीर्षकगीत मात्र निर्दोष आहे. गुलामांच्या जहाजावरील कप्तानपद सोडून पुढे धर्मोपदेशक झालेल्या जॉन न्यूटन यांची ही रचना येथे दहा मिनिटांहून अधिक काळ चालते, कारण एकेका शब्दावर गायिका थांबते, तो वळवते आणि श्वास घेऊन पुन्हा त्याच्याकडे येते. आईच्या शस्त्रक्रियेनंतर धंतोलीतील एका रुग्णालयाच्या बाकावर बसून मी हे गीत ऐकले, तेव्हा मला स्वतःचे शब्द जुळवून प्रार्थना करणे जमत नव्हते. त्या संथ गतीने माझ्या वतीने ती केली, असे मी पूर्ण विश्वासाने म्हणू शकते.

दोन्ही संध्याकाळचे संपूर्ण मुद्रण १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात काही गीते दोनदा येतात, म्हणून नव्या श्रोत्याने १९७२ ची मूळ आवृत्तीच आधी ऐकावी. इंग्रजी शब्द सगळे कळले नाहीत तरी चालेल, परंतु पहिल्या गीताआधी योहानाचा अकरावा अध्याय मराठीत वाचून घ्यावा, आणि शक्यतो हेडफोन लावावा, कारण मोबाईलच्या स्पीकरवर क्वायरचे खालचे स्वर नीट पोहोचत नाहीत.