आठ महिने, हजार शब्द आणि प्रत्येकाचा एकच अर्थ : जीआरईच्या शब्दसंग्रह-अ‍ॅपचा अनुभव

११ जुलै रोजी माझ्या खात्यातून १,४९९ रुपये परस्पर वळते झाले. जानेवारीत घेतलेली शब्दसंग्रह-अ‍ॅपची सहामाही वर्गणी आपोआप नूतन झाली होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा वसुलीची सूचना किमान २४ तास आधी द्यावी लागते आणि ती मला आलीही होती. परंतु त्याच अ‍ॅपच्या रोजच्या पाच-सहा सूचनांच्या गर्दीत ती वाचायची राहून गेली, त्यामुळे निम्मा दोष माझाच आहे. उरलेल्या निम्म्या दोषाविषयी मात्र सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण फेब्रुवारीत याच अ‍ॅपला मी उत्साहाने पाच तारे दिले होते आणि माझे ते मत वाचून कार्यालयातील दोघा सहकाऱ्यांनी वर्गणी भरली.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, पुढे यांत्रिकी अभियांत्रिकी केली आणि गेली चार वर्षे भोसरीतील एका कारखान्यात उष्णता-प्रक्रिया विभागात काम करतो. पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करावयाचा असल्याने जीआरई ही इंग्रजी भाषा व गणिताची प्रवेश-परीक्षा देणे भाग आहे. गणिताची चिंता नव्हती. चिंता होती ती भाषेच्या विभागाची. अ‍ॅप निवडण्याचे कारणही एकच होते, ते म्हणजे प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली मराठी अर्थ मिळत होता. फेब्रुवारीतील अभिप्रायात मी याच सोयीचे सर्वांत जास्त कौतुक केले होते. ते कौतुक मी आता मागे घेतो.

मे महिन्यापर्यंत अ‍ॅपच्या हिशेबाने माझे १,०५० शब्द ‘पक्के’ झाले होते. हिरव्या रंगाची पट्टी जवळजवळ पूर्ण भरली होती. त्याच आठवड्यात परीक्षा घेणाऱ्या संस्थेची ‘पॉवरप्रेप’ ही मोफत सराव-चाचणी दुसऱ्यांदा सोडवली. जानेवारीत पहिल्या चाचणीत भाषेच्या विभागात १७० पैकी १४९ गुण होते, आता १५१ आले. जिथे १३० हाच तळ असतो, त्या मोजपट्टीवर चार महिन्यांच्या कष्टाचे मोल दोन गुण! उत्तरे तपासताना ध्यानात आले की चुकलेल्या प्रश्नांपैकी अनेकांत मला न येणारा एकही शब्द नव्हता. सगळे शब्द ओळखीचे होते आणि बहुतेक त्या हिरव्या पट्टीतले होते.

दोष नेमका कुठे आहे, हे ‘क्वालिफाय’ या शब्दावरून सांगता येईल. अ‍ॅपमध्ये त्याचा अर्थ ‘पात्र ठरणे’ असा आहे आणि तो चूक नाही. परंतु समीक्षकाने एखाद्या ग्रंथाची ‘क्वालिफाइड’ स्तुती केली, असे वाक्य येते, तेव्हा ती स्तुती हातचे राखून केलेली, ‘चांगले आहे, पण’ अशा थाटाची असते. जीआरईला शब्दाचा हाच दुसरा अर्थ प्रिय आहे. एकदा संशय आल्यावर मी वहीत यादीच करत गेलो. ‘टेंडर’ म्हणजे निविदा, असे अ‍ॅप सांगते. राजीनामा ‘टेंडर’ करतात तेव्हा तो सादर केलेला असतो. ‘चेक’ म्हणजे धनादेश. आळा घालणे हा अर्थ अ‍ॅपमध्ये नाही. ‘अरेस्ट’ म्हणजे अटक; वाढ रोखणे नाही. ‘वाँट’ म्हणजे पाहिजे, अभाव नाही. ‘पेडेस्ट्रियन’ म्हणजे पादचारी. नीरस, सामान्य दर्जाचे लेखन नाही. ‘इकॉनॉमी’ म्हणजे अर्थव्यवस्था. शब्दांची काटकसर नाही. ‘फ्लॅग’ म्हणजे झेंडा. उत्साह मावळणे नाही. ‘सँक्शन’ची तर कमालच आहे, कारण हा शब्द मंजुरी आणि निर्बंध असे दोन जवळजवळ उलटे अर्थ बाळगतो आणि अ‍ॅपने त्यातली मंजुरी तेवढी ठेवून घेतली आहे. मराठी माणसाला ही गोष्ट अपरिचित नसावी. हिंदी पाटीवरचा ‘शिक्षा विभाग’ वाचून आपल्याकडचे लहान मूल दचकते, ते एकच अर्थ ठाऊक असल्यामुळे.

सर्वांत जास्त राग मला ‘टेम्पर’चा आला, कारण तो माझ्या पोटापाण्याचा शब्द आहे. अ‍ॅप म्हणते, ‘राग’. पोलादाला तापवून एकदम थंड केले की ते कठीण होते, पण ठिसूळही होते. मग ते पुन्हा बेताच्या उष्णतेला तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. या क्रियेलाच टेम्परिंग म्हणतात आणि मी ती रोज करून घेतो. टीका ‘टेम्पर’ करणे म्हणजे तिची धार जरा उतरवणे, हे मला भट्टीपुढे उभे राहून क्षणात समजले असते. चार महिने मात्र मी त्या शब्दापुढे निमूटपणे ‘राग’ घोकत राहिलो आणि अ‍ॅपने मला शंभर टक्के गुण दिले.

अशा २३ शब्दांची यादी पुराव्यासह जूनमध्ये ग्राहकसेवेला पाठवली. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी अमूल्य आहे,’ असे उत्तर आले. पैसे वळते झाल्यावर परताव्याची मागणी जोडून दुसरी तक्रार केली. त्यावर बँकेशी संपर्क साधण्याचा सल्ला मिळाला. वास्तविक यूपीआयवरील स्वयंचलित वसुलीची परवानगी आपल्याच भ्रमणध्वनीवरील यूपीआय अ‍ॅपमधून रद्द करता येते आणि मी ती दोन मिनिटांत केली. पण ती पुढच्या वसुलीपुरती, गेलेली रक्कम गेलीच. तिसऱ्या तक्रारीनंतर मराठीत सूचना आली की ‘आपल्या तक्रारीला झेंडा लावण्यात आला आहे’. त्यानंतर तक्रार ‘निराकरण झाले’ या शीर्षाखाली बंद झाली. ‘टेम्पर’ आजही राग आहे.

इथपर्यंतचा मजकूर मी ऑगस्टच्या सुरुवातीला लिहून ठेवला होता आणि तो तेव्हाच प्रसिद्ध केला असता, तर सगळे खापर अ‍ॅपवर फुटले असते. नंतरच्या अनुभवाने त्यात थोडी दुरुस्ती करणे भाग पडले.

जूनपासून मी अंकीकडे, म्हणजे एका बाजूला प्रश्न आणि मागे उत्तर असलेले पत्ते दाखवून उजळणी करून घेणाऱ्या अ‍ॅपकडे वळलो होतो. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे, आयफोनवर मात्र पैसे पडतात. त्याचे रूप सरकारी अर्जाइतके रुक्ष आहे आणि पहिला आठवडा त्यातील मांडणी समजण्यातच गेला. विसरण्याच्या बेतात असलेला शब्द नेमका पुढे आणायचा आणि बरोबर आला की पुढचे अंतर वाढवायचे, हे त्याचे सूत्र. मी हजार शब्दांचा तयार संच उतरवून घेतला, रोज २० नवे शब्द ही मूळ मांडणी तशीच ठेवली, आणि चार दिवसांच्या गावाकडच्या लग्नाहून परतल्यावर उजळणीसाठी ३४० पत्ते साचलेले पाहून घाबरलो. शिवाय त्या संचातही एका शब्दाला एकच अर्थ होता. म्हणजे दोष भाषांतराचा होताच, पण वाक्यापासून तोडलेला शब्द घोकण्याच्या माझ्या पद्धतीचाही होता.

मग तयार संच पुसून टाकला आणि रोज केवळ आठ पत्ते स्वतः करू लागलो. सरावात जे वाक्य अडले, ते जसेच्या तसे पत्त्यावर, अडलेल्या शब्दाच्या जागी रिकामी जागा आणि मागे मी स्वतः लिहिलेला मराठी अर्थ. एक पत्ता करायला तीन-चार मिनिटे लागतात आणि निम्मे पाठांतर त्यातच होते. आजमितीला ४६० पत्ते आहेत. हजाराच्या निम्मेही नाहीत, तरी रिकाम्या जागांचे प्रश्न लक्षणीय सुधारले. सहा पर्यायांतून दोन निवडण्याच्या प्रकारात तर समानार्थी जोडी दिसली की मी डोळे झाकून ती उचलत असे; वाक्यात न बसणारी जोडी मुद्दाम ठेवलेली असते, हे वाक्याचे पत्ते करू लागल्यावर उमगले. दोन-तीन रिकाम्या जागांच्या प्रश्नात एक चुकली तरी सगळे गुण जातात, म्हणून निसटता अंदाजही उपयोगाचा नसतो.

उताऱ्यांसाठी मात्र पत्त्यांचा फारसा उपयोग नाही, आणि भाषाविभागाचा सुमारे अर्धा भाग उताऱ्यांचाच असतो. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा लहान झाल्यावर या विभागात ४१ मिनिटांत २७ प्रश्न येतात, म्हणजे वाचनासकट प्रश्नाला दीड मिनिट. माझी अडचण शब्दांची नसून लेखक कोणत्या बाजूने बोलतो आहे हे हरवण्याची होती. ‘दीर्घकाळ असे मानले जात होते की’ अशी सुरुवात झाली, की पुढे बहुधा त्या समजुतीचे खंडन येते. ‘जरी’, ‘वरकरणी’, ‘क्वचितच’ हे शब्द चुकले, तर उतारा उलटाच समजतो. मी एक साधी शिस्त लावून घेतली. परिच्छेद वाचायचा, झाकायचा आणि लेखक काय म्हणाला ते मराठीत एका वाक्यात लिहायचे. पहिले तीन आठवडे माझी वाक्ये विषय सांगत, मत सांगत नसत. ‘हा उतारा प्रवाळांविषयी आहे’ हे वाक्य निरुपयोगी. ‘प्रवाळांविषयीचा जुना तर्क लेखकाला अपुरा वाटतो, पण तो टाकून देण्याजोगा वाटत नाही’ हे वाक्य हवे. दुसरी खोड अभियंत्याची होती. धातूंवरील एका सराव-उताऱ्यात मी वस्तुस्थितीला धरून असलेला पर्याय निवडला आणि तो चूक ठरला, कारण उताऱ्यात ती गोष्ट कुठेही म्हटलेली नव्हती.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी सशुल्क सराव-चाचणी दिली, १५६ गुण आले. मुख्य परीक्षेचे शुल्क वीस हजार रुपयांहून अधिक असल्यामुळे १६० च्या जवळ पोहोचेपर्यंत नोंदणी करणार नाही.

अ‍ॅपला आता मी दोन तारे देतो. त्यांतला एक त्यातील ध्वनिफितींसाठी आहे, कारण त्या खरोखर चांगल्या आहेत. ‘एपिटोम’ नव्हे तर ‘एपिटमी’ आणि ‘अल्बेट’ नव्हे तर ‘ऑलबीट’, हे मला तिथेच समजले. परीक्षेत उच्चार कोणी विचारत नाही, परंतु वर्गणी जानेवारीपर्यंत भरलेली आहे आणि १,४९९ रुपये वसूल करण्याचा दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.