शेतीच्या शब्दांची चित्रकार्डं घेतली: कागद एक नंबर, पण गायीला वशिंडच नाही

मे महिन्याच्या सुट्टीत पोरीला गावाकडं न्यायचंच होतं, म्हणून जायच्या आधी सांगलीच्या गणपती पेठेतनं तिच्यासाठी शेतीच्या शब्दांचा चित्रकार्डांचा संच घेतला. ४२० रुपये पडले. ६४ कार्डं आहेत, प्राणी, अवजारं, मशीन आणि शेतातले शब्द असे चार गट, आणि शेवटी चार कोरी कार्डं आपल्या मनानं भरायला. पोरगी दुसरीतनं तिसरीत गेलीय, इंग्लिश मिडियमला आहे, आम्ही विश्रामबागला राहतो आणि सासर पलूस तालुक्यात, म्हणजे शेत काही लांब नाही तरी तिला 'बांध' म्हणजे काय ते सांगावं लागत होतं, हे मला फार लागलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुकानात अजून दोन-तीन संच उघडून बघितले आणि थोड्याफार फरकानं सगळ्यात हेच आहे.

आधी चांगलं सांगते. कार्डं जाड आहेत, कोपरे गोल केलेत, प्लॅस्टिकचा थर आहे त्यामुळं पाणी सांडलं तर पुसून घेता येतं, पोरीनं गोठ्यात नेऊन शेणात पाडलेलं कार्डसुद्धा धुऊन निघालं. चित्रं मोठी, एका कार्डावर एकच वस्तू, मागं चार-पाच ओळींत माहिती आणि अक्षर ठळक. ट्रॅक्टरचं कार्ड मला लई आवडलं, मागची चाकं मोठी का असतात ते नीट सांगितलंय, मऊ रानात रुतू नये आणि नांगर ओढताना पकड मिळावी म्हणून, आणि पुढची लहान कारण ती वळवायची असतात. पोरीनं हे एकदा वाचलं आणि मग रस्त्यात दिसेल त्या ट्रॅक्टरकडं बोट दाखवून सगळ्यांना समजावून सांगत होती. पेरणी, खुरपणी, काढणी, मळणी, उफणणी अशी पाच कार्डं ओळीनं लावायचा खेळ दिलाय, तोही चांगला आहे, आपण खातो ते ताटात यायच्या आधी किती हातातनं जातं ते पोरांना त्यातनं कळतं.

आता गायीचं सांगते. गावाला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी पोरगी कार्डं घेऊन गोठ्यात गेली. आमच्या आण्णांकडं, म्हणजे सासऱ्यांकडं, एक खिल्लार गाय आहे, पांढरीशुभ्र, शिंगं मागं वळून वर गेलेली. पोरीनं कार्ड गायीच्या तोंडापाशी धरलं, एकदा कार्डाकडं एकदा गायीकडं बघितलं आणि म्हणाली, "आबा, हिच्या पाठीवरचा डोंगर कार्डावर कुठंय?" आण्णा म्हणाले, "बाय, त्याला वशिंड म्हंत्यात. ती कार्डावरची एचएफ हाय, तिला वशिंड नसतंय." मग त्यांनी तिचा हात धरून वशिंडावर ठेवला, मग गळ्याखाली लोंबणारी कातडी दाखवली, त्याला पोळी म्हणतात, हे ऐकून पोरगी दिवसभर त्या शब्दावर खूश होती. आता बघा, काळीपांढरी एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन ही परदेशी जातीची गाय आपल्याकडं डेअरीला दूध घालणाऱ्या बऱ्याच घरात आहे, ते चित्र खोटं नाही, पण ६४ कार्डांत गायीचं एकच कार्ड आणि त्यावर वशिंड नसलेली गाय, मग आटपाडी-जत भागात ज्या खिल्लारासाठी लोक खरसुंडीच्या यात्रेला लांबून येतात ते जनावर पोरांना कधी कळायचं. निदान दोन गायी शेजारी-शेजारी दाखवायला काय हरकत होती.

बैलाच्या कार्डाची चूक तर सरळ चूक आहे. चित्र वळूचं आणि नाव बैल. शहरातल्या माणसाला दोन्ही सारखेच, पण कामाला जुंपायचा तो बैल, त्याला खच्ची केलेलं असतं, आणि पैदाशीसाठी ठेवतात तो वळू, हे लहान मुलाला सांगता येतं, त्यात लाजण्यासारखं काय नाही. पोरीनं विचारलं तेव्हा मी एवढंच सांगितलं, वळू वासरांचा बाप होतो आणि बैल शेतात काम करतो, तिला पटलं.

पिल्लांचं कार्ड छान जमलंय, गायीचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू. फक्त वासराच्या पुढं गाडी गेलीच नाही. कालवड (मादी वासरू) आणि खोंड (नर वासरू) हे दोन शब्द तरी पाहिजे होते, कारण गोठ्यात कुणी नुसतं वासरू म्हणत नाही, कालवड झाली का खोंड झाला हेच पहिलं विचारतात. तसंच गाभण (पोटात वासरू असलेली), दुभती, भाकड (दूध न देणारी). हे शब्द रोज कानावर पडणारे आहेत, आणि कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसते तो खुडूक शब्द तर पोरांना एकदा सांगितला की विसरतच नाहीत.

म्हशीचं चित्र मुऱ्हा म्हशीचं, शिंगं जिलबीसारखी गोल वळलेली. आमच्या भागात पंढरपुरी म्हैस बघावी, तिची शिंगं तलवारीसारखी लांब, थेट खांद्याच्या मागं जातात. शेजारच्या गोठ्यात मुऱ्हा आणि पंढरपुरी दोन्ही बांधल्यात, तिथं उभं राहून पोरीनं स्वतःच फरक ओळखला. मेंढीचं कार्ड बघून तर मला वाईटच वाटलं, कापसाच्या गोळ्यासारखी परदेशी मेंढी काढलीय, आणि आपल्याच जिल्ह्यात जतकडं माडग्याळ मेंढी आहे, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके आणि पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, कुठल्याही पोराला एका नजरेत ओळखता येईल असं चित्र झालं असतं.

अवजारांच्या गटात शब्दांचा गोंधळ आहे. एका कार्डावर 'वखर' लिहिलंय. चुकीचं नाही, विदर्भ-खानदेशाकडं वखरच म्हणतात, पण सांगली-साताऱ्यात त्याला कुळव म्हणतात. त्याच्या खाली आडवं पातं असतं ते फास, तो जमिनीतनं ओढला की ढेकळं फुटतात, तण कापलं जातं आणि रान पेरणीला तयार होतं. एवढंच कंसात 'काही भागात कुळव' लिहिलं असतं तरी चाललं असतं. बुजगावण्याच्या कार्डावर तर 'कागभगोडा' छापलंय, हा हिंदी शब्द मराठी कार्डावर कसा आला ते छापणाऱ्यांनाच ठाऊक. खुरप्याचं चित्र आणि नाव कुदळ. कडब्याच्या गंजीला 'गवताचा ढीग'. कडबा म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं, गवत वेगळं, आणि जनावरांना कडबा घालायचा का ओली वैरण हा घरातला रोजचा विषय असतो.

तिफणीचं कार्ड मात्र चांगलं. ती म्हणजे तीन आणि फण म्हणजे दात, तीन फणांची म्हणून तिफण, हे मागं लिहिलंय. पण चाड्याबद्दल एक शब्द नाही. आण्णांकडं जुनी तिफण अजून माळ्यावर आहे, आता पेरणी ट्रॅक्टरनंच होते तरी टाकली नाही. ती खाली काढून त्यांनी पोरीला दाखवलं, वर लाकडी वाटीसारखं चाडं, त्याला खालनं तीन भोकं, प्रत्येक भोकाला एक नळा, नळा फणापर्यंत गेलेला. पोरीच्या मुठीत त्यांनी ज्वारी दिली आणि सांगितलं एकदम सोडू नको, बोटांच्या फटीतनं धार सोडायची, तिन्ही भोकांत सारखी जायला पाहिजे. पहिल्यांदा सगळी ज्वारी एकाच नळ्यातनं गेली. चौथ्या-पाचव्या वेळी तीन फणांखाली तीन बारीक ओळी पडल्या आणि ती अशी काय ओरडली की शेजारची बाई बघायला आली. चाड्यावर मूठ धरणं म्हणजे काय ते तिला कार्डातनं कधीच कळलं नसतं, पण एक खरं, कार्ड हातात नसतं तर तिनं तिफण बघायला मागितलीच नसती. म्हणून या संचाला मी वाईट म्हणणार नाही.

नांगराच्या कार्डावर ट्रॅक्टरचा पलटी नांगर आहे आणि लाकडी नांगर कोपऱ्यात छोटा. मधला लोखंडी बैलनांगर गायब. आमच्या गावाकडच्या घरापासनं किर्लोस्करवाडी जवळ आहे, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ती १९१० साली वसवली, आणि त्यांच्या लोखंडी नांगराला सुरुवातीला शेतकरी घ्यायला तयार नव्हते कारण लोखंडानं जमिनीत विष कालवतं अशी समजूत होती. ही गोष्ट मी पोरीला स्टेशनवरनं जाताना सांगितली, तर तिनं विचारलं मग पहिल्यांदा कुणी घेतला असेल. असा प्रश्न पडणारं कार्ड पाहिजे होतं.

मशीनच्या गटात 'हार्वेस्टर' म्हणून गव्हाचा कंबाइन दाखवलाय, कापणी आणि मळणी एकदम करणारा. आमच्याकडं हार्वेस्टर म्हटलं की पोरांच्या डोळ्यापुढं ऊसतोड मशीन येतं, ते ऊस बुडातनं कापतं, कांड्या करतं, पंख्यानं पाचट मागं उडवतं आणि बाजूनं चालणाऱ्या ट्रॉलीत कांड्या भरतं. पोरगी कार्डाला हार्वेस्टर मानायलाच तयार नव्हती. द्राक्षबागेत औषध मारायचा ब्लोअर, तोही नाही, आणि पलूस-तासगावला पहाटे त्याचाच आवाज कानात असतो.

पण एका कार्डाबद्दल मला खरंच राग आहे आणि ते मी मोठ्यानं सांगणार. ट्रॅक्टरच्या दुसऱ्या एका कार्डावर हसरा शेतकरी चालवतोय आणि मडगार्डवर लहान मुलगा बसलाय. असं चित्र मुलांच्या कार्डावर छापूच नये. मडगार्डवर धरायला काही नसतं, बांधावरनं चाक उडालं की मूल थेट मागच्या चाकाखाली जातं. आणि ट्रॅक्टरच्या मागं मळणी मशीन नाहीतर रोटाव्हेटर फिरवणारा जो दांडा असतो, पीटीओ, तो मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला ९. पदर, ओढणी, टॉवेल, काहीही गुंतलं तर हात मागं घ्यायला वेळ मिळत नाही. आमच्या भावकीतल्या एका काकूंचा हात असाच गेलाय, मी लग्न होऊन आले तेव्हापासनं त्या डाव्या हातानंच भाकरी थापतात. मळणी मशीनच्या कार्डावर 'लांब उभं राहा' एवढे तीन शब्द पाहिजे होते. मी ते मार्करनं लाल अक्षरात लिहिलेत आणि मडगार्डवाल्या मुलावर फुली मारलीय. तुम्ही हा संच घेतला तर पहिलं काम हे करा.

शेतातल्या शब्दांच्या गटात बांध, वाफा, सरी, पाट, विहीर, मोटार आलंय, बरं वाटलं. गुंठा आणि एकर पण आहेत, ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. संध्याकाळी दोरी घेऊन आम्ही रानात एक गुंठा मोजला, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले, आणि पोरगी मधे उभी राहून म्हणाली आपला फ्लॅट याच्यात बसतो. साठवणीच्या कार्डावर मात्र मोठा लोखंडी सायलो. त्याच्याऐवजी हरिपूरचं पेव दाखवलं असतं तर सांगलीच्या पोरांना आपली वस्तू दिसली असती, जमिनीत खोल खणलेलं, तोंड अरुंद आणि पोट मोठं, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली, म्हणजे आता तर चित्रातच दाखवायची वेळ आलीय.

प्रत्येक कार्डाला क्यूआर कोड आहे, स्कॅन केला की शब्द ऐकू येतो. आवाज स्वच्छ आहे पण बातम्या वाचल्यासारखा, आणि रानात नेटवर्क नसलं की चालत नाही. आम्ही दोनदाच वापरला.

घ्यायचा का नाही विचाराल तर घ्या, पाचपैकी तीन स्टार. पाच ते आठ वर्षांच्या पोरांना ठीक आहे, त्याहून लहानांना मागचं वाचून दाखवावं लागतं. फक्त सोबत पक्का मार्कर घ्या आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्यापुढं बसून कार्डं उघडा. आमच्या संचात आता अर्ध्या कार्डांवर आण्णांनी सांगितलेले शब्द आहेत, कुळव, फास, जू, शिवळ, वेसण, कासरा. कोऱ्या चार कार्डांपैकी एकावर वशिंडवाली खिल्लार आलीय, एकावर ऊसतोड मशीन, एकावर पेव. चौथं पोरीनं अजून कोरंच ठेवलंय. संचात पोळ्याचं कार्ड आहे पण आपल्याकडं आषाढात बेंदूर असतो, तर ती म्हणते बेंदराला आबा बैलांच्या शिंगांना कुठला रंग लावतात ते बघूनच काढणार.