होंडा 520, पोलारिस 570 आणि ग्रिझली 700: डोंगरातल्या वाटेवर कोण कशी चालते

क्वाड, म्हणजे शेतात चालवायची चार चाकांची हँडलवाली गाडी, घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती सीसी? इथे न्यूझीलंडमध्ये डेअरीवर काम करणारी आपली पोरंही हेच विचारतात. मी उन्हाळा सरल्यापासून गाई विण्याचा हंगाम उरकेपर्यंत तीन क्वाड आळीपाळीनं दामटल्यात. चढ तिन्ही चढतात, कुणी घाम न गाळता तर कुणी थोडी कुरकुरत. खरा फरक कळतो तो ओल्या उतारावर, मागे वजन असताना. म्हणून हा अनुभव उतारापासूनच सांगतो.

आधी गाड्या कोणत्या ते. होंडा टीआरएक्स 520 ही 518 सीसीची, पायानं गिअर टाकायची, हाताला क्लच नाही, मागे अखंड अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्यावर. पोलारिस स्पोर्ट्समन 570, इंजिन 567 सीसी, 44 हॉर्सपॉवर, बेल्टवर चालणारी ऑटोमॅटिक, म्हणजे गिअर बदलत बसावं लागत नाही, चारी चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. आणि यामाहा ग्रिझली 700, 686 सीसी, हीसुद्धा बेल्टची, पॉवर स्टिअरिंगवाली. तिन्ही मालकाच्या, त्यामुळे कुणाची बाजू घ्यायला मला कारण नाही.

जागा तारानाकी प्रांत, स्ट्रॅटफर्ड गावाच्या पूर्वेचा डोंगराळ भाग. दुभत्या गाई खाली सपाटीवर असतात, कालवडी वर रनऑफवर, म्हणजे चराईच्या वेगळ्या रानात. वर जायची वाट डोंगर कापून काढलेली आहे आणि जमीन ‘पापा’ची. पापा म्हणजे निळसर राखाडी मऊ खडक, वरून पाऊस पडला की साबण लावल्यासारखा होतो. उन्हाळ्यात याच वाटेवर कुठलीही गाडी चांगली वाटते, म्हणून डीलरकडे जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, घेतलेल्या टेस्ट राइडवर माझा विश्वास नाही.

खाली येताना मध्यावर एक वळण आहे. तिथे वाट दरीच्या बाजूला कलते आणि वरच्या झऱ्याचं पाणी आडवं वाहत असतं. होंडावर मी वळणाच्या आधीच पहिला गिअर टाकतो, फोर व्हील लावतो आणि अंगठा थ्रॉटलवरून पूर्ण उचलतो. इंजिन गुरगुरतं आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगानं उतरते. ब्रेकला हात लावावा लागत नाही. गिअर खरेखुरे असल्यामुळे चाक आणि इंजिन यांच्यात सुटायला काही नसतं.

ग्रिझलीला बेल्ट असूनही ती इथे होंडाच्या तोडीची निघाली, याचं मला आश्चर्य वाटलं. यामाहाच्या रचनेत बेल्ट कायम ताणलेला राहतो आणि सोबत एकेरी, म्हणजे एकाच दिशेला सुटणारा, क्लच आहे, त्यामुळे अंगठा उचलला तरी गाडी मोकळी सुटत नाही. फोर व्हीलमध्ये असेल तर चारी चाकं धरतात. लो, म्हणजे कमी वेगाची जास्त ओढीची रेंज, टाकून सोडून द्या, आपली आपण उतरते, आणि होंडापेक्षा कमी झटके देत.

पोलारिसची गोष्ट निराळी. तिची चारचाकी ओढ मागणीनुसार लागते. मागची चाकं फिरून घसरली की पुढची आपोआप जोडली जातात. चढावर आणि चिखलात ही सोय झकास, बटण लावून विसरून जायचं. पण उतारावर चाकं इंजिनला ढकलत असतात, तेव्हा पुढची मोकळीच धावतात आणि सगळा रोध मागच्या चाकांवर येतो. ओल्या पापावर मग मागची बाजू हळूच बाजूला यायला बघते. काही मॉडेलना एडीसी म्हणून सोय मिळते, तिच्यात उतारावर चारी चाकं रोखली जातात. आमच्या गाडीला ती नाही. डोंगरात राहणाऱ्यानं स्पोर्ट्समन घेताना पहिली चौकशी याचीच करावी, रंगाची नंतर.

ब्रेकची सवयही वेगळी लागते. पोलारिसला डाव्या हाताची एकच मूठ चारी चाकांना लागते. होंडा आणि यामाहाला उजव्या मुठीला पुढचे, डाव्या मुठीला आणि पायाला मागचे. दिवसभरात एका गाडीवरून दुसरीवर बसलं की हात गोंधळतो. नव्या पोराला एकाच गाडीवर ठेवा.

आता ताकद, कारण तिच्याशिवाय वाचणाऱ्याचं समाधान होत नाही. सपाट रस्त्यावर ग्रिझली दोघींना मागे टाकते. अंगठा दाबला की पुढचं टोक हलकं होतं. पण शेतात असा रस्ता किती? वासरांच्या दुधाची टाकी ट्रेलरवर ओढत चढ चढताना मला होंडाच जास्त समजूतदार वाटली. दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की एका लयीत ओढत राहते, वास नाही, धूर नाही. बेल्टच्या गाड्यांवर मात्र शिस्त हवी. वजन ओढायचं तर लो म्हणजे लोच. हायमध्ये ठेवून चढावर जोर केला की बेल्ट घसरून तापतो, आणि जळक्या रबराचा वास आला म्हणजे खर्च दारात उभा. बेल्ट एक जादा आणून ठेवलेला बरा. ऐन हंगामात सुट्या भागाची वाट बघायला लावणारे डीलर सगळीकडे आहेत, आमच्या वाट्यालाही एक आला, नाव घेत नाही.

बसायला पोलारिस राणी आहे. मागे जवळपास 24 सेंटिमीटरचा सस्पेन्शनचा खेळ, त्यामुळे गाईंच्या खुरांनी पोखरलेल्या रानात कंबर शाबूत राहते. होंडाचा मागचा अॅक्सल सरळ, तो प्रत्येक खड्डा मणक्याला कळवतो आणि खोल चाकोरीत मध्ये खालीही टेकतो. त्याच अखंड अॅक्सलमुळे ट्रेलर लावल्यावर तिचा मागचा भाग बसत नाही, हेही खरं. ग्रिझली दोघींच्या मध्ये, आणि स्टिअरिंगच्या बाबतीत दोघींच्या वर. इथल्या डोंगरातल्या शाळा निधीसाठी शेतांमधून ट्रेल राइड, म्हणजे आडवाटांनी गाड्यांची फेरी, भरवतात. तशा दिवशी मी विचार न करता ग्रिझलीची चावी उचलतो. दगडावरून हँडल हातात उलटं मारत नाही, संध्याकाळी मनगटं दुखत नाहीत.

हाताळणीचं अर्धं गणित टायरच्या हवेत आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. क्वाडच्या टायरला साधारण 4 ते 7 पीएसआय हवा लागते, नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. कारचा गेज इथे कामाचा नाही, कमी दाबाचा वेगळा मिळतो. एका बाजूला 4 आणि दुसऱ्या बाजूला 8 असेल तर सरळ वाटेवरही गाडी ओढते आणि आपण दोष स्टिअरिंगला देत बसतो.

फवारणीबद्दल. गॉर्सच्या काटेरी झुडपांवर मारायला मागच्या कॅरियरवर टाकी बसवतात. बाजारात 100 लिटरची टाकी सर्रास मिळते, पण तिघींच्याही मागच्या कॅरियरची मर्यादा 100 किलोच्या आत आहे. म्हणजे टाकी काठोकाठ भरली की हिशोब चुकलाच, वर टाकीचं स्वतःचं वजन आणि पंप वेगळे. अर्धी भरली तर पाणी हिंदकळतं आणि आडव्या उतारावर गाडीला दरीकडे ढोसतं. म्हणून आम्ही उतारावरची फवारणी क्वाडवरून बंद केली, पाठीवरच्या पंपानं करतो. सीट लांब आहे म्हणून मागे माणूस बसवू नका. ती लांबी चालवणाऱ्याला चढावर पुढे आणि उतारावर मागे सरकता यावं म्हणून आहे.

तिन्हींना मागे सीपीडी, म्हणजे उलटली तर अंगावर पूर्ण पडू नये म्हणून बसवायची कमान, लावलेली आहे. न्यूझीलंडमध्ये ती सक्तीची नाही. 2019 मध्ये एसीसीनं, म्हणजे इथल्या सरकारी अपघात विमा संस्थेनं, तिच्यासाठी 180 डॉलरची सवलत सुरू केली. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर 2021 पासून नव्या कामाच्या क्वाडना असं संरक्षण बंधनकारक झालं, तेव्हा होंडा आणि यामाहानं तिथे अशा नव्या क्वाड विकणंच थांबवलं. त्यामुळे सिडनी-मेलबर्नकडच्या वाचकांना ही तुलना जुन्या गाड्या बघतानाच उपयोगी पडेल. कमानीमुळे फांद्या अडतात अशी कुरकुर ऐकू येते. अडतात, पण उलटलेल्या गाडीखाली जवळपास तीनशे किलो असतात.

गावाकडून भाऊ विचारतो, आपल्या रानात चालेल का? पोलारिसनं स्पोर्ट्समन 570 भारतात ट्रॅक्टर म्हणून प्रमाणित करून आणली होती, तेव्हा प्रश्न अगदीच हवेतला नाही. पण उसाच्या सरीत तिचं काय काम, हे मला अजून कुणी पटवलेलं नाही. नांगर ती ओढणार नाही, आणि चाऱ्याचा भारा आणायला त्याच पैशात बरंच काही येतं.

मला स्वतःच्या पैशानं एकच घ्यायची झाली तर कामाला होंडा, पॉवर स्टिअरिंगवालं मॉडेल. जनावरं सपाटीवर असतील आणि पाठ आधीच दुखत असेल तर पोलारिस. ग्रिझली मला सगळ्यात आवडते, पण पेट्रोल तीच जास्त पिते, आणि आमच्याकडे ती मॅनेजरच्या ताब्यात आहे, सुट्टीच्या दिवशी मागून घ्यावी लागते.